दोघांची बोट

आप्पांच्या घरातल्या एकाही खुर्चीला हात नव्हते. बेळगावात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांच्या बाहेरच्या सोप्यात चार खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि चारींचेही हात करवतीनं कापून टाकलेले होते. कापलेल्या जागा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या, पण पॉलिश केलेलं नव्हतं, त्यामुळे तिथलं लाकूड पांढरं दिसत होतं. मी बघतेय हे त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "विचारू नका. त्यातली एक माझ्या माहेरची आहे."

आप्पांनी ते ऐकलं आणि आपणहून खुलासा केला. "हात टेकून उठायची सवय लागली की माणूस संपला. आधी खुर्चीचा हात लागतो, मग भिंत लागती, मग सून लागती. त्यापेक्षा हातच नको."

"म्हणजे मी लागायला नको म्हणून माझी खुर्ची कापली," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या; सुनेला मी पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकून वर आलेली, बेळगावात नुकती नोकरीला लागलेली. काय करतेस म्हणून विचारल्यावर मी सांगितलं, तसे आप्पा खुर्चीत बसले, दोन्ही हात छातीवर बांधले आणि दहा वेळा उठून बसून दाखवलं. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. दहाव्यांदा उभे राहिल्यावर विचारलं, "कसं काय?"

"उठताना गुडघे आत वळतात तुमचे," मी म्हणाले.

आप्पांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग आत हाक मारून म्हणाले, "चहा ठेव गं. पोरगी कामाची हाय."

अशी मला वरची खोली मिळाली. चार वर्षं मी तिथं राहिले. आता आप्पा नाहीत. त्या घरावरून रिक्षा जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघते.

गल्लीत त्यांना सगळे वेडे म्हणायचे, पण प्रेमानं. सकाळी सातला पेपर आला की ते अंगणातल्या भिंतीला पाठ लावायचे आणि खाली सरकत जाऊन, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे बसायचे. त्याच अवस्थेत अग्रलेख वाचायचा. अग्रलेख संपेपर्यंत उठायचं नाही असा नियम. "पिकांच्या भावावर असला की सोपा जातो," ते सांगायचे. "सीमाप्रश्नावर असला की मांड्या पेटत्यात. लई लांबवतात ते लोक." भिंतीच्या पिवळ्या रंगावर त्यांच्या पाठीचा तेलकट डाग पडला होता. बँकेच्या रांगेत ते टाचा उचलून उभे राहायचे, खाली यायचे, परत वर जायचे. मागच्या माणसाला वाटायचं, हे काउंटरवर काय चाललंय ते डोकावून बघताहेत, म्हणून तोही टाचा उंच करायचा. बेळगावी बासुमती तांदळाची दहा किलोची पिशवी छातीशी धरून ते जिना चढायचे आणि उतरायचे. भात करायला तांदूळ हवे असले की वहिनींना आधी आप्पा कुठं आहेत ते शोधावं लागे.

हे सगळं कशासाठी, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ते पाण्यात परत जायची तयारी करत होते.

तरुणपणी आप्पा फौजेत होते. गावच्या नदीत पोहण्यापलीकडे पाण्याशी संबंध नसलेल्या ह्या माणसाला पलटणीनं वल्हेकरी केलं. शर्यतीची लांबट, अरुंद बोट, तिच्यात सरकती बैठक. पाय लाकडी फळीवर बांधलेल्या बुटांत अडकवायचे, गुडघे छातीशी आणायचे, वल्हं पाण्यात टाकायचं आणि पायांनी फळी ढकलत मागे सरकायचं. "लोकांना वाटतं वल्हं हातानं मारत्यात," आप्पा सांगायचे. "हात नुसतं धरून ठेवायला. बोट पाय चालवतात." पलटणीतून सुटल्यावर ते शाळेत पी.टी. शिकवायला लागले. संसार झाला, बायको गेली. चाळीस वर्षं त्यांनी वल्ह्याला हात लावला नव्हता. मग एक दिवस त्यांच्या पलटणीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर निरोप आला, की पुढच्या दिवाळीनंतर हिडकलच्या धरणावर दोन बोटी आणायच्या ठरताहेत. ज्यांची तब्येत साथ देईल त्यांनी एकदा बसून बघावं.

आप्पांनी तो निरोप वाचला आणि निपाणीला फोन लावला.

निपाणीला त्यांचा जोडीदार राहत होता. पलटणीत दोघं एकाच आठवड्यात भरती झाले होते आणि पाच वर्षं एकाच बोटीत बसले होते. दोघांची बोट, प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, एकाचं डावीकडं, एकाचं उजवीकडं. तिथल्या कुणी सुभेदारानं ह्यांना 'बेळगाव' आणि त्यांना 'निपाणी' अशी नावं ठेवली होती आणि ती दोघांनी जन्मभर वापरली. फोन लागला की आप्पा ओरडायचे, "हॅलो निपाणी!" पलीकडून खरखरीत आवाज यायचा, "बोल बेळगाव!" नवख्या माणसाला वाटावं, एस.टी.चा कंट्रोलर बोलतोय.

"दोघांच्या बोटीत एक जोरात आणि एक हळू असून चालत न्हाई," आप्पांनी मला समजावलं. "बोट गोल फिरती. जात कुठंच न्हाई. मी एकट्यानं पाय कमावून उपयोग काय? तो जेवढं करील तेवढंच मी करायचं, मी जेवढं करीन तेवढं त्यानं."

म्हणून मी त्यांचे गुडघे, घोटे, कंबर नीट तपासली आणि एका कागदावर सहा व्यायाम लिहून दिले. खुर्चीतून उठणं, भिंतीला बसणं, पायरी चढणं, असे. पाचवा व्यायाम होता पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा. त्याच्यापुढं मी कंसात लिहिलं, 'अनवाणी.' आप्पांचे तळवे ठणठणीत होते. पायरी तळव्याला कळली की तोल चांगला राहतो, म्हणून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "कागदाचा फोटो निपाणीला धाडला."

"अहो, मी त्यांना बघितलेलं नाही," मी म्हणाले. "त्यांना बीपी, शुगर काही आहे का?"

"त्याला काय धाड झालीय? तंबाखूच्या वखारीत पोती उचलून मोठा झालाय तो."

मी ड्यूटीवर निघाले होते, पायात चपला घातल्या होत्या. मी परत विचारलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला फोन. आप्पा मोबाइल स्पीकरवर टाकून तुळशीकट्ट्यावर ठेवायचे आणि मोजणी सुरू व्हायची. आप्पा म्हणायचे "एक", निपाणीहून यायचं "दोन". आप्पा "तीन", निपाणी "चार". विषम ह्यांचे, सम त्यांचे. वर माझ्या खिडकीत दोन्ही आवाज स्पष्ट यायचे. आधी वीस, मग तीस, मग पन्नास. मधेच कुणीतरी फसवायचा प्रयत्न करायचा.

"चव्वेचाळीस."

"थांब. बेचाळीस कुठं गेले रं?"

"मारले की मनातल्या मनात."

"मनात मारलेले बोटीला कळत न्हाईत. परत घे."

मग दोघं हसायचे, आणि परत घ्यायचे. त्या आठ महिन्यांत आप्पांच्या मांड्या खरोखर भरल्या. जिना उतरताना कठडा धरायचे ते सोडून दिलं. वहिनी मला म्हणाल्या, "सासूबाई गेल्यापासून हे असे कधी दिसले नव्हते. खुर्च्या गेल्या तर जाऊ देत."

श्रावण लागला होता. एका दुपारी मी क्लिनिकमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. निपाणीच्या जोडीदाराची मुलगी बोलत होती. तिला मी पुढं आक्का म्हणायला लागले. ती अंगणवाडीत नोकरी करायची आणि वडिलांबरोबरच राहायची. माझा नंबर तिनं त्या कागदाच्या फोटोवरून घेतला होता. खाली मीच लिहिला होता, काही शंका आली तर विचारा म्हणून.

"मॅडम, बाबांचा पाय काढला," ती म्हणाली. "डावा. गुडघ्याच्या खाली. कोल्हापूरला. कालच घरी आणलंय."

 मी विचारलं, कसा, कशानं.

"शुगर होती की. बारा वर्षं झाली. तळवे बधिर होते, बाबा सांगत नव्हते कुणाला. आमच्या दारात दगडी पायऱ्या आहेत. त्या कडेवर रोज उभं राहून राहून चवड्याला जखम झाली. त्यांना कळलंच नाही. मला पायरीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा कळलं, तोवर आत सगळं काळं पडलं होतं."

मी खाली बसले. समोर एक पेशंट पायाला शेक घेत होता, त्यानं विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही काय?"

आक्का रागावलेली नव्हती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फोन केला होता तो आता पायाच्या उरलेल्या टोकाला पट्टी कशी बांधायची, सूज कशी उतरवायची हे विचारायला. मी सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "बाबांनी एक निरोप दिलाय. आप्पांना सांगायचं नाही. सांगितलं तर ते व्यायाम सोडतील म्हणतात. दिवाळीपर्यंत तरी सांगू नका."

मी बरं म्हणाले. आजवर मी त्या 'बरं'ला पुष्कळ कारणं लावून पाहिली. पेशंटची इच्छा, म्हाताऱ्या माणसाला धक्का, योग्य वेळ. खरं कारण एवढंच, की त्या कागदावरचं अक्षर माझं होतं आणि आप्पांनी तो कागद परत उघडून बघू नये असं मला वाटत होतं.

आणि सकाळी सहाचा फोन परत सुरू झाला. तो माणूस निपाणीत खाटेवर पडून सम आकडे म्हणत होता. दोन, चार, सहा, आठ. मी वर अंथरुणात उशी कानावर दाबून पडायचे. दवाखान्यात होता त्या दिवसांत त्यानं सांगितलं होतं, म्हैसूरला भाच्याकडं आलोय. आता तो 'परत आला' होता. आप्पांना एक फरक मात्र जाणवला. मी कामाला निघाले तेव्हा ते फाटकाशी मला थांबवून कौतुकानं म्हणाले, "निपाणीचा दम बघ कसा वाढलाय! पन्नास झाले तरी श्वास चढत न्हाई. माझाच चढालाय. मला वाढवायला पायजे."

त्या दिवसापासून त्यांनी दहा वाढवले.

दिवाळी झाली. हिडकलचा रविवार ठरला. आप्पांचा बेत असा, की शनिवारी निपाणीला जाऊन जोडीदाराला घेऊन यायचं, रात्री इथं ठेवायचं, सकाळी गाडी करून दोघांनी धरणावर जायचं. "तूबी चल," ते मला म्हणाले. "दोघांचे गुडघे एकदा बघून घे. नंतर काय झालं तर डॉक्टरीण संगं होती म्हणता येईल."

मी गेले, कारण वाटेत सांगायचं ठरवलं होतं. बस सुटल्यावर काकतीला सांगू म्हटलं. काकती गेलं. हत्तरगीला सांगू. आप्पांच्या मांडीवर एक बुटांचा खोका होता. एकाच नंबरचे, कॅनव्हासचे दोन जोड त्यांनी घेतले होते. एक ह्यांनी घातला होता, दुसरा खोक्यात. संकेश्वरला बस थांबली, लोक चहाला उतरले, बसमध्ये आम्ही दोघंच राहिलो. मी तोंड उघडलं तेवढ्यात तेच म्हणाले, "पोरी, तुला एक सांगू? मला भीती वाटालीय."

"कशाची?"

"पहिल्याच वल्ह्याला तो पुढं आणि मी मागं राहिलो तर? लई तयारी केलीय त्यानं. मी त्याला कमी पडायला नको."

ड्रायव्हर चढला, बस सुटली. मी निपाणीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या गल्लीला तंबाखूचा उग्र वास होता. घराच्या दारात त्या तीन दगडी पायऱ्या होत्या. आप्पा त्या खोका सांभाळत भराभर चढले. आक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी अजून सांगितलेलं नाही हे तिला कळलं.

आत खाटेवर जोडीदार बसला होता. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. रुंद खांद्यांचा, काळासावळा माणूस. दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले, स्वच्छ पांढरा शर्ट. कमरेपर्यंत चादर.

"आलास बेळगाव?"

"आलो. आणि तू अजून अंथरुणात? ऊठ की. हे घाल आधी." आप्पांनी खोका खाटेवर ठेवला.

"बस आधी."

"बसायला वेळ कुठं हाय? दोनची गाडी धरायची हाय."

 जोडीदारानं चादर बाजूला केली.

आप्पा उभेच होते. त्यांनी त्या अर्ध्याच उरलेल्या पायाकडे बघितलं, मग खाली फरशीकडे बघितलं, पाय तिथं कुठंतरी असेल अशासारखं. त्यांनी विचारलं, "कवा?"

"श्रावणात."

"श्रावणात? काल सकाळी तू साठ मोजलास."

"मोजलो की. तोंड हाय की माझं जाग्यावर." जोडीदार हसायला बघत होता.

"कशानं झालं?"

"खिळा लागला रं. गंजका. लक्ष दिलं न्हाई."

"खिळा न्हाई," आक्का दारातून म्हणाली. "पायरी."

"गप गं तू."

"किती दिवस गप बसू बाबा? तुम्ही पडून आकडे मोजताय, मी तिकडं चुलीपाशी ऐकालेय. रोज." आणि तिनं सांगून टाकलं. शुगर, बधिर तळवे, पायरीची कड, रक्ताचा डाग. तिचा आवाज एकदाही चढला नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अनवाणी."

"ते मी लिहिलं होतं, आप्पा," मी म्हणाले.

"तू माझ्यासाठी लिहिलंतीस. त्याला मी धाडलं." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होय."

"श्रावणापासून?"

"होय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ओरडतील. ते जोडीदाराजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरताना त्यांनी भिंत धरली. मी मागोमाग धावले. बुटांचा खोका खाटेवरच राहिला. 

रविवारी ते हिडकलला गेले नाहीत. सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला. मी खिडकीत आले. आप्पा तुळशीकट्ट्यापाशी उभे होते, फोन त्यांच्या पुढ्यात वाजत होता. वाजून वाजून थांबला. दुसऱ्या दिवशीही तसंच. वहिनींनी एकदा उचलून त्यांच्यापुढं धरला, तर ते आत निघून गेले. दोन महिने फोन वाजत होता. मग वाजायचाही बंद झाला.

त्या सोमवारपासून आप्पांनी व्यायाम सोडला. पेपर ते पलंगावर पडून वाचायला लागले, मग वाचायचेच बंद झाले. मी समजावलं, रागावले, हात जोडले. ते माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत, उलट पूर्वीपेक्षा नरमाईनं बोलायचे. "मी एकट्यानं पाय कमावून कुठं जाऊ गं?" एवढंच म्हणायचे. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "तू पोर हाईस. तुझं काय चुकलं न्हाई." त्यांनी मला माफ केलं आणि त्यानं मला काहीच हलकं वाटलं नाही. ज्याच्याकडून माफी हवी होती त्या माणसाला मी निपाणीत तोंड दाखवून पळून आले होते, परत गेले नव्हते. आता मी येईल त्या पेशंटला आधी चपला काढायला लावते आणि तळव्याला बोट लावून विचारते, कळतंय का? लोक हसतात. मानेचं दुखणं घेऊन आलेल्या बाईचेही तळवे मी बघते.

एकाहत्तराव्या वर्षी कमावलेला पाय किती लवकर जातो हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी बघायला मिळालं ते त्या घरात. उन्हाळ्यापर्यंत आप्पांच्या लेंग्यात मांडी कुठं आहे ते कळेनासं झालं. संडासला जाताना वहिनींचा खांदा लागायला लागला. मुलगा बेंगळूरला नोकरीला होता, तो येऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवून गेला. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही.

पुढच्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, एका दुपारी फाटक वाजलं. मी सुट्टीवर होते, वरून बघितलं. निपाणीहून जोडीदार आला होता. एकटा. हातात काठी, पँटखाली नवा कृत्रिम पाय. अंगण ओलांडायला त्याला बराच वेळ लागला. मी धावत खाली आले, पण त्यानं हातानंच मला थांबवलं. खोलीत जाऊन तो आप्पांच्या पलंगाच्या कडेवर बसला. श्वास चांगलाच चढला होता.

"फोन का उचलंनास?"

"काय बोलू?" आप्पा छताकडे बघत म्हणाले.

"काय बोलू नको. नुसतं हॅलो म्हण. वरीस व्हायला आलं. किती राग धरायचा माणसानं?"

"राग न्हाई रं. तुझ्यावर कशाला राग?"

"मग ऐक. पाय मी घालवला. शुगर हाय ते मी सांगितलं न्हाई. जखम दिसल्यावरबी दोन आठवडे पोरीला दाखवली न्हाई. सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस, म्हणून."

आप्पांनी मान वळवली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "थांबवलं नसतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी थांबवलं नसतं, निपाणी. बघ, तुला खोटं कसं सांगू? तू जखम हाय म्हणाला असतास तर मी म्हटलं असतं, फडकं बांध आणि अजून दहा मार. मला बोट दिसत होती. तू दिसत नव्हतास."

 वहिनींनी चहा आणला, दोघांनी तो घेतला. जोडीदारानं कपबशी खाली ठेवली, काठीवर भार टाकून उभा राहिला आणि आप्पांना हात पुढं केला. "चल. फाटकापर्यंत तर ये माझ्यासंगं."

"न्हाई जमायचं."

"प्रयत्न तर कर."

"तू जा रं. गाडी चुकंल तुझी."

मी जोडीदारांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. पाय कसा टाकतात ते बघत चालत होते, आणि काय बोलावं ते शोधत होते. "माझ्याकडून फार मोठी चूक झाली," असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. रिक्षात बसताना म्हणाले, "तो खरं बोलला. त्यानं थांबवलं नसतंच. पण सकाळी सहाला मला कोण तरी हाक मारायचं, बघा. पाय गेला त्याची आता सवय झालीय. हाकेची व्हईना." रिक्षा स्टँडकडे वळली आणि मी परतले.

फाटकातूनच वहिनींचं ओरडणं ऐकू आलं. आप्पा पलंग आणि दार यांच्या मधोमध जमिनीवर पडले होते. एकटे उठून चार-पाच पावलं चालले होते. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला पार वळलेलं होतं आणि तो पाय आखूड दिसत होता. खुबा मोडलाय हे मला बघताक्षणी कळलं, आणि ह्या अशा अंगाला त्यातून उठणं नाही हेही कळलं. तसंच झालं. पण त्या वेळी मी एवढंच म्हणाले, हलवू नका, उशी द्या, ॲम्ब्युलन्सला फोन करा. वहिनी फोनकडे धावल्या. मी आप्पांचं डोकं उशीवर घेतलं आणि शेजारी फरशीवर बसले.

वेदनेनं त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "गेला?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"गाडीत बसवलंस?"

"होय."

"खिडकीची जागा मिळाली काय त्याला? त्याला गाडी लागती. पहिल्यापासून."

मी गल्लीच्या तोंडावरूनच परत आले होते. स्टँडवर गेलेच नव्हते.

"मिळाली," मी म्हणाले. "पुढची, खिडकीचीच."

"बरं झालं," आप्पा म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.